पीळ सोडा रे कुणीतरी

मी करवत बोलतेय, आणि गोड बोलणार नाही, आधीच सांगते. जिच्या अंगभर दातच दात, तिच्याकडून गोडव्याची अपेक्षा धरू नका.

बाजारात मिळते तसली मुठीची करवत मी नव्हे. मधे आडवा दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन उभे हात. हातांच्या खालच्या टोकांना माझं पातं, वरच्या टोकांना दुहेरी दोरी. दोरीत लाकडी पट्टी घालून पिळलं की वरून हात जवळ येतात आणि खाली पातं ताठ होतं. मग दोघांनी दोन्हीकडून धरायचं आणि आळीपाळीने ओढायचं. एकट्याचं ते काम नाही.

मला घडवणाऱ्या सुताराचा एक नेम होता. संध्याकाळी काम संपलं की पट्टी उलटी फिरवून पीळ सोडायचा. "दिवसभर ताणलीय बिचारी, आता तरी अंग सैल करू दे," म्हणायचा. त्याची दोन्ही पोरं हे बघतच मोठी झाली.

म्हातारा गेला आणि भाऊ वाटणीला बसले. रंध्याची धार कुणी घालवली यावरून म्हणे बिनसलं! समान वाटणी म्हणजे समान. पातं थोरल्याने घेतलं, दांडा-हात-दोरीची चौकट धाकट्याने. अरे गाढवांनो! थोरल्याने नवी चौकट ठोकली, तीही ढिली. मी लाकडात वाकडी जायची आणि शिव्या मीच खायच्या. नाचता येईना अंगण वाकडं! धाकटा माझ्या चौकटीवर ओले कपडे वाळत घालायचा.

मग त्यांच्या आईने जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी शोधून आणला. करवत अख्खी असेल तरच तो घेणार होता. म्हातारी पक्की. जोडायच्या निमित्ताने तरी पोरं एका छपराखाली येतील, असा तिचा डाव. मलाही आशा वाटली, खोटं कशाला बोलू?

आले. थोरल्याने मला चौकटीत बसवलं, धाकट्याने पट्टी फिरवली. थोरल्याने नखाने पातं वाजवून कान दिला.

"अजून एक पीळ दे."

"बास का, दादा?"

"बास."

व्यापाऱ्याला दाखवायला दोघांनी एक फळी कापली. काय चालले मी! लोण्यातून जावं तशी. म्हातारी कोपऱ्यात डोळे पुसत होती.

फळी पडली. म्हातारीने सवयीने पट्टीला हात घातला. "काम झालं रे. आता पीळ सोडा."

"राहू दे!" दोघं एकदम ओरडले. "व्यापाऱ्यांना ताठच हवीय."

इतक्या वर्षांनी एकमत झालं, तेही कशावर! म्हातारीने हात काढून घेतला आणि ती आत निघून गेली. भाऊ एकमेकांकडे न बघता दोन वाटांनी गेले.

आता मी एका हॉटेलच्या भिंतीवर आहे. तो पीळ अजून तसाच. माणसं जेवता जेवता वर बघतात, "किती छान!" म्हणतात. डोंबल छान! दांड्याला चीर गेलीय. रोज थोडी पुढे सरकते, तिचा आवाज मला ऐकू येतो.

ऐकताय ना? मग नुसते चुकचुकू नका. खुर्चीवर चढा, पट्टी उलटी फिरवा. म्हातारीला जेवढं करू दिलं नाही, तेवढंच करा. जमत नसेल तर माझ्याखालच्या टेबलावर तरी बसू नका. मी तुटेन तेव्हा खाली कोण जेवतंय, हे काही बघणार नाही.