आगीनगाडी आली नाही तो दिवस

सोनाबाईने चिंच-मिठाचा चोथा तांब्याच्या हंड्यावर खसाखसा फिरवला आणि कान टवकारून थांबली. शिट्टी नाही. सकाळपासून एकही नाही.

"घाटात दरड कोसळली म्हनं," कुडापलीकडून शेजारची भागी म्हणाली. "समद्या गाड्या कर्जतालाच उभ्या."

"ऱ्हाऊ दे मेल्या उभ्याच. घाट चढायला मागून दुसरं इंजान जोडतात, अन् दोगं मिळून माजं टकुरं पिंजतात. आज तरी देवाचं नाव नीट घेईन."

"तुमच्या तोंडापुढं देव तरी टिकतो काय, काकी?"

भागी हसत निघून गेली. उंबराच्या झाडावर होला पक्षी घुमला. रूळ पडल्यापासून तो पहिल्यांदाच नीट ऐकू आला. पण सोनाबाईला चैन पडेना. काहीतरी उणे होते. मग ध्यानात आले, पडवीत सुनेचे मुसळ वाजत नव्हते.

"जयवंता, हात मोडले का गं?"

"कांडते, आत्याबाई."

दोन-चार घाव पडले आणि पुन्हा सामसूम. सोनाबाई उठून पडवीच्या दारात गेली. सून मुसळाला टेकून उभी होती, तोंड रुळांच्या दिशेला.

"गाडी नाय आली आज?" चाहूल लागताच तिने विचारले.

"तुला कशाला हवी गाडी? म्हायेरी जायचंय?"

"म्हायेरी आता कोन हाय?" म्हणत तिने पदर पुढे ओढला.

सोनाबाईचा हात चौकटीवरच राहिला. शिमग्याआधी जयवंताचा एकुलता भाऊ तापाने गेला होता. तेव्हापासून ती कांडताना त्याच्यावर ओव्या रचून म्हणायची. एकदा ओटीवर बायका जमलेल्या असताना सोनाबाई बोलून गेली, "मेलेली मानसं ओवीनं उठत असती, तर मी पन गळा काढून बसले असते." बायका हसल्या. सून गप्प झाली. चार दिवस रुसेल आणि गाईल, असे सोनाबाईने धरले होते. गाणे काही परत आले नाही.

की आले होते? गाडी धडधडत आली, की मुसळाचा ठेका चढायचा. त्या गोंगाटात एक बारीक सूर असायचा. चाके कुरकुरतात असे समजून सोनाबाईने चाकांनाही शिव्या घातल्या होत्या.

ती हंड्यापाशी परतली. "म्हन गं पुन्हा," एवढे सांगायला जीभ वळेना. नको तिथे मात्र जन्मभर वळली होती. हंडा लख्ख झाला होता. तरी तिने तो दगडावर उपडा घातला, खलातला बत्ता आणला आणि ठोकू लागली.

"काय करता, आत्याबाई?" आतून आवाज आला.

"पोचे काढते. लई वेळ चालंल. तू तुजं कांड."

ठण, ठण, ठण. होला उडून गेला. बऱ्याच वेळाने मुसळाने ठेका धरला, आणि दोन ठोक्यांच्या फटीतून ओवी आली:

साळ कांडिते मी, कोंडा वाऱ्यासंगं जाई,
भाऊ माझा गेला, मागं...

पुढचे शब्द बत्त्याच्या आवाजाखाली गेले. ते ऐकायचे तर हात थांबवायला हवा होता. आणि हात थांबला, की ओवीही थांबणार होती.

सोनाबाई ठोकत राहिली. धड असलेल्या हंड्याला आता खरोखरच पोचे पडू लागले होते.