शिक्का जुळला

मी एक पितळी शिक्का, अंगठ्याएवढा. तोंडावर दोन अक्षरं आणि एक आकडा कोरलेला आहे, तेवढंच मला बोलता येतं. आज त्यापलीकडचं सांगतोय, कारण माझ्यामुळे एक पोरगा तुरुंगात गेलाय.

गोंदियाच्या बाजारात घडलो आणि एका पोलीस ठाण्यात रुजू झालो. जप्त मालाचं पाकीट शिवायचं, गाठीवर गरम लाख ओतायची, त्यात मला दाबायचं. मग मला पंचाच्या ताब्यात द्यायचं, म्हणजे पोलिसांनाही ते गुपचूप उघडून पुन्हा बंद करता येऊ नये. या नियमाचा मला कोण अभिमान होता!

मागच्या हिवाळ्यात कामठ्याचा खुशाल बसस्टँडवर धरला गेला. राजनांदगावला बहिणीकडे निघाला होता. थैलीत सव्वा किलो वाळका पाला.

"अंबाडीची भाजी होय साहेब, मायनं वाळवली," तो सांगत राहिला.

अंबाडीचं पान दिसायला गांजासारखंच. साहेब म्हणाले, तपासणीत कळेल. पाकीट शिवताना आंबट वास येत होता. मी तिथेच होतो.

पंच होता चुन्नीलाल, फुलचूर नाक्यावरचा पंक्चरवाला. शिक्का कोणालाही देणार नाही, असं त्याने लिहून दिलं आणि मला सोल्युशनच्या डब्यात ठेवलं.

पाकीट प्रयोगशाळेत न्यायला गाडीच मिळेना. बाराव्या दिवशी मुद्देमालाचा कारकून दुर्गाप्रसाद दुकानात आला.

"चुन्नीभाऊ, जरा शिक्का दो. चूहों ने पाकीट फाड दिया."

"कोणाले देऊ नोको म्हणून लिहून घेतलं ना जी?"

"अरे, ठाण्याचाच तर आहे. शाम को लौटा दूँगा."

रोजच्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? चुन्नीलालने भिडेखातर मला काढून दिलं.

उंदरांनी दोन पाकिटं फाडली होती. दुसऱ्यात खरा गांजा होता, दुसऱ्याच गुन्ह्यातला. सगळा पाला फरशीवर एक झाला होता. दुर्गाप्रसादच्या मनात पाप नव्हतं, त्याला फक्त साहेबांची बोलणी नको होती. त्याने सगळं झाडूने गोळा केलं, कागदावरच्या वजनाबरहुकूम दोन वाटे केले, नवं कापड शिवलं, पंचांच्या सह्यांची जुनी चिठ्ठी डकवली आणि मला लाखेत दाबलं. मला आतल्या आत किती कळवळायला झालं! ठसा मात्र नेहमीसारखाच सुबक उमटला.

अहवाल आला: गांजा.

कोर्टात खुशालच्या वकिलाने चुन्नीलालला विचारलं, "शिक्का तुमच्या ताब्यातून कधी बाहेर गेला होता?"

मागच्या बाकावर खुशालची आई सुशिलाबाई बसली होती. चुन्नीलालने समोरचा स्वतःच्या सहीचा कागद पाहिला.

"नाही जी. माझ्या डब्यातच होता."

मग मला पाकिटावरच्या ठशाशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलो. खुशालला चार वर्षांची शिक्षा झाली.

मी पुन्हा त्याच डब्यात आहे. परवा सुशिलाबाई दुकानापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, माह्या हातची भाजी होती जी ते. तुम्ही तं पाहली."

चुन्नीलाल मान खाली घालून ट्यूब घासत राहिला. ती निघून गेली.

अपिलाची मुदत अजून संपलेली नाही. नाक्यावर गेलात तर चुन्नीलालला एवढंच विचारा, त्या दिवशी दुर्गाप्रसादने काय नेलं होतं. तो सांगेल असं मला वाटतं. मला मात्र विचारू नका. मला लाखेत दाबलंत की मी पुन्हा तेच म्हणेन, माल तोच आहे.