खुरांतला ताप

माझी लेक यशोधरा झाल्यापासून माझ्या तळहाताला ताप ओळखायची सवयच लागली आहे. त्या दिवशी सकाळी तोच तळहात मी गुलछडीच्या खुरावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. पुढचे दोन्ही खूर धगधगत होते. खुराच्या वरची शीर बोटाखाली ठणाठण उडत होती.

गुलछडी आमची वरातीची घोडी. माझे सासरे उत्तमराव, त्यांना मी मामा म्हणते, ते आणि माझा नवरा संदीप तिला लग्नांत नाचवतात. थंडीभर ती दावणीलाच होती. लग्नसराई जवळ आली तसा मामांनी खुराक वाढवला. बाजरीचा भरडा, गूळ, वर साखर कारखान्याची गोड मळी. लोकांना अंग चकाकणारी, भरलेली घोडी लागते.

"मामा, तिला काम नाही आणि दाणा केवढा देताय," मी म्हटलं होतं.

"पोरी, नवरदेव काय हाडाच्या सापळ्यावर बसवू?" ते हसले होते.

आता ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. मी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढून विजया मॅडमना पाठवला. त्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांचा लगेच फोन आला.

"खुरांच्या आत सूज आहे. दाणा, गूळ, मळी बंद, नुसतं वाळलं गवत. पायांवर गार पाणी ओतत राहा. मी येतेच. पण आज तिला चालवू नका, प्रज्ञा. आतलं हाड फिरलं तर मग तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल."

फोन ठेवला तर दारात टेम्पो. श्रीरामपूरला नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघायचा होता, गुलछडीवर बसून.

मी संदीपला सगळं सांगितलं. त्याने एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा मामांकडे.

"माजलीय ती," मामा म्हणाले. "बसून खाल्लं ना लई. दोन फटके पडले की नाचंल."

"मामा, हात तरी लावून बघा खुराला."

"बीएस्सी झालीस म्हंजी डाक्टर न्हाई झालीस. शबूद दिलाय मी. तितं नवरदेव काय म्हशीवर बसंल?"

टेम्पोवाला श्रीमंत मागचा फाळका खाली सोडत हसला. "म्हशीवर बसला तर यमच दिसंल की वो, उत्तमराव."

मी यशूला सासूबाईंच्या, चांगुणाबाईंच्या कडेवर दिलं. "आत्या, हिला आत न्या."

"ती राहतीय व्हय आत?" आत्या ओट्यावरच उभ्या राहिल्या.

मामांनी तिच्या तोंडाची मोहरकी ओढली. गुलछडी हलली नाही. संदीपने मागून चाबूक काढला. पहिल्या फटक्याला तिच्या पांढऱ्या कातडीवर लाल रेघ उठली, चौथ्या-पाचव्याला रक्त आलं. ती एक पाऊल पुढे आली. खूर जमिनीला टेकला तसा तिच्या पोटातून आवाज निघाला. खिंकाळणं नव्हे. मी बाळंतपणात तसं कण्हले होते.

"संदीप, ऐक ना माझं!"

"तू बाजूला हो, प्रज्ञा. लागंल."

मामांनी तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घातला आणि काठीने पीळ द्यायला सुरुवात केली. असं केलं की जनावर मुकाट उभं राहतं, मागे येतं. ओठ पिळून पिळून काळानिळा झाला. गुलछडीने एक पाय फाळक्यावर ठेवला. नाल घसरला, गुडघा लोखंडावर आपटला, कातडं सोलून आतलं पांढरं दिसलं. तिने जीव खाऊन मान झटकली. मामांच्या हातातली काठी सुटली आणि पिळाच्या जोराने गरकन फिरून त्यांच्याच तोंडावर बसली.

ते खाली बसले. ओंजळीत रक्त आणि दोन दात.

"अगं आई गं! मारलं हिनं माज्या मालकाला!" आत्या किंचाळल्या. यशूही किंचाळली.

संदीपचा चेहरा पालटला. त्याने टेम्पोतली चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली. पहिला घाव बरगड्यांवर. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. दुसरा मानेवर. घोडी गुडघ्यांवर आली तरी तो थांबेना. तिसरा डोळ्याच्या वर. तिथलं कातडं फाटून पापणीवर लोंबलं.

"आरं संदीप, मरंल ती!" श्रीमंत ओरडला, पण पुढे आला नाही.

मी गेले. त्याने मला न बघताच ढकललं. मी शेणात पडले. हाताशी खरारा आला. घोडीचं अंग घासायचा, लोखंडी दात्यांचा. मी उठले आणि संदीपच्या टॉमी धरलेल्या हातावर तो मारला. दाते मनगटापासून कोपरापर्यंत ओढत गेले. टॉमी पडली. तो माझ्याकडे वळला आणि मी त्याच्या गालावर मारला. मग कानावर. तो खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं झाकून, तरी पाठीवर मारला. शर्ट फाटला, पाठ फाटली. मला फक्त माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"वहिनी! वहिनी, बास करा!" श्रीमंतने माझा हात धरला. तेव्हा कुठे खरारा सुटला.

श्रीमंतचा फोन वाजत होता. "नवरदेवाचा मामा हाय. काय सांगू?"

"दुसरी घोडी बघा म्हणावं," मी म्हटलं.

तो मामांकडे बघू लागला. मामांच्या तोंडात फडकं होतं. त्यांनी गुलछडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हाताने जा म्हणून खूण केली. टेम्पो रिकामाच गेला. संदीप भिंतीला टेकून बसला होता. गालावर दात्यांच्या समांतर रेघा.

विजया मॅडम आल्या. त्यांनी आधी माणसांकडे पाहिलं. मग गुलछडीच्या डोळ्याच्या वर टाके घातले, खूर दाबून पाहिले. "हाड अजून जागेवर असावं. चढवली असती आणि नाचवली असती तर संपलं होतं. आता महिनोन्‌महिने जपायचं."

मी हातपाय धुऊन ओट्याशी गेले. "ये यशू."

तिने आत्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. मी तिच्या पाठीला हात लावला तर ती लांब सरकली आणि रडत म्हणाली, "आई मारती."

"अगं, ये ना. नाही मारत मी."

"राहू दे आता," आत्या म्हणाल्या. "भ्याली हाय ती तुला."

मी हौदातून बादली भरली आणि गुलछडीच्या खुरांवर गार पाणी ओतायला बसले.