कोरडा दोरा

मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा घरावर सुतकी कळा आली. सबंध हयात कोट शिवण्यात गेलेला माणूस! दोऱ्याचं टोक जिभेवरून फिरवून सुईपाशी न्यायचा अवकाश, की त्याला फाटे फुटलेच. चष्मा बदलला, दिवा बदलला, सुईसुद्धा जाड घेतली. शेवटी मास्तरांनी जाहीर केलं, "डोळे गेले. दुकान बंद." मेव्हणा मशीनवर टपलेलाच होता. महिनाअखेर टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

खरं तर काही महिन्यांपूर्वीपर्यंत मास्तर ठणठणीत होते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि पाय असे सुजले की स्वतः शिवलेली पँट पोटरीवर चढेना. त्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी दिली. सूज थोडी उतरली, पण लघवीच्या घाईने मास्तरांना जागेवर बसवेना. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता टेप त्याच्याच गळ्यात टाकून ते मागच्या दाराने पळत. तिसऱ्या डॉक्टरांनी ही धावाधाव थांबवली, तर तोंडाला कोरड पडली.

आता एका डॉक्टरला दुसऱ्याचं औषध सांगायला काय हरकत होती? पण मास्तर पडले रीतीचे पक्के. एकाने शिवलेला कोट दुसऱ्याकडे दुरुस्तीला न्यायचा आणि वर पहिल्याचं नाव सांगायचं, ही त्यांच्या धंद्यात शोभणारी गोष्ट नव्हती. त्यामुळे "आणखी काही औषध चालू?" असं विचारलं की मास्तर अदबीने म्हणत, "छे, छे!" कोटाला आतून तीन वेगळे खिसेही शिवून घेतले होते, एकेका डॉक्टरच्या गोळ्यांसाठी.

बायको रोज सकाळी पिनकुशनमध्ये दोरा ओवलेल्या सुया खोचून ठेवी. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. तिला फार वाईट वाटे. एके दुपारी सुया संपल्या आणि मास्तर स्वतः झटापट करू लागले. ती बघत राहिली.

"अहो, जीभ दाखवा."

"म्हणजे?"

"दाखवा म्हणते ना!"

जीभ त्यांच्या खडूइतकी कोरडी होती.

"डोळ्यांना काही धाड भरलेली नाही," ती कडाडली. "तुमच्या तोंडात थुंकी नाही! दोरा ओला कसा होणार? चला, सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे."

"अगं, एकासमोर दुसऱ्याचं काढायचं? बरं दिसतं का?"

"तीनदा दुरुस्त करून बिघडलेला कोट समोर आला, तर काय करता?"

"पहिली शिवण उसवतो," मास्तर बोलून गेले आणि कोटाचे खिसे चाचपू लागले.

पहिल्या डॉक्टरांच्या टेबलावर तिन्ही खिसे रिकामे झाले. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "हे सगळं एकाच माणसाचं? अहो मास्तर, माझ्या गोळीने पाय सुजले, हे मलाच नाही सांगितलंत!"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मास्तर पुटपुटले.

डॉक्टरांनी बाकीच्या दोघांना फोन लावले, रक्तदाबाची गोळी बदलली, उरलेल्या एकेक करून थांबवल्या. मनाने काही बंद करायचं नाही, असा दमही भरला. हळूहळू पाय चपलेत मावू लागले, तोंडाला पाणी सुटू लागलं.

मेव्हणा टेम्पो घेऊन आला, तेव्हा मास्तर मशीनवर बसले होते. त्यांनी दोरा जिभेवरून फिरवला आणि एका झटक्यात ओवला.

"आलाच आहेस तर उभा राहा, माप घेतो," मास्तर म्हणाले. "तुझा कोट पाठीत भलताच ओढतोय. कोणी शिवला, ते मात्र सांगू नकोस."

मेव्हणा रिकामा टेम्पो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले, तर पिनकुशनमध्ये दोरा ओवलेल्या सुया खोचलेल्या.

"आता कशाला गं?"

"हाताला सवय लागली," ती म्हणाली आणि सुया काढायला पुढे झाली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. स्वतः ओवलेली सुई त्यांनी बाजूला ठेवली आणि तिची उचलली.