रिकामा आवळलेला शेगडा

दसऱ्याच्या सकाळी हरबा लोहार बघतो तर त्याचं घर भट्टीकडे सरकलेलं. एरवी घरून निघालेला चहा भट्टीत पोचेपर्यंत कोमट व्हायचा. आज चांगुणेनं दारातूनच कप पुढं केला आणि हरबानं भट्टीत बसल्या बसल्या तो घेतला. नवल करत बसायला वेळ कुणाला होता? टेकडीवर फिरायला आलेल्या पाहुण्यांची गर्दी, आणि त्यांना फिरवायची भाड्याची घोडी नाल ठोकून घ्यायला बाहेर उभी. त्यानं चहा संपवला नि भाता ओढायला लागला.

कारण त्याला ठाऊक होतं. भट्टीत त्याच्या बापाचा, लोखंड जबड्यांत आवळून धरायचा पायाचा शेगडा होता. साधे शेगडे टेबलाला धरून असतात, घण बसला की कुरकुरतात. याचा एक लांब पाय जमिनीत पुरलेला, त्यामुळं मार सगळा जमीन खाते. लाल नाल जबड्यांत आवळायचा आणि वरून हाणून त्याचं टोक वाकवायचं, हे त्याचं काम. बापानं दोनच गोष्टी बजावल्या होत्या: रिकामं तोंड आवळायचं नाही, आणि एकदा धरलं ते ठोकल्याशिवाय सोडायचं नाही.

म्हणून खंडेनवमीला हत्यारं पुजताना या शेगड्याचं तोंड उघडं ठेवून त्यात लिंबू ठेवायचं, अगदी अलगद. यंदा लिंबू सारखं घरंगळत होतं. हरबा पहिल्यापासूनच उतावळा. वैतागून त्यानं शेगडा आवळायचा दांडा पिळला. लिंबू फुटलं, चोथा खाली पडला आणि जबडे एकमेकांना भिडले. कोण बघतंय, म्हणून तो तसाच जेवायला गेला.

आता दांडा एकाच बाजूला फिरत होता, आवळायच्या. हरबानं हात लावला नाही तरी फिरत होता. तो जरा फिरला की घर आणि भट्टीमधलं अंगण जरा आखडायचं. मधली चिंच चपटी झाली. शेजारच्या शेवंताकाकू पापडासारख्या पातळ होऊन दाराच्या फटीतून बोलत होत्या, आवाज मात्र तोच खणखणीत. तक्रार अशी काही नव्हती त्यांची, कुशीवर वळता येत नाही एवढंच. घोडेवाल्या यासीननं आपली घोडी आडवी उभी केली आणि जरा लवकर उरका म्हणाला.

खरं सांगायचं तर हरबाला आधी बरंच वाटलं होतं. लग्न झाल्यापासून चांगुणा त्याच्यासमोर उभी राहून घण मारायची. तो धरायचा, ती मारायची, बोलायची गरजच पडायची नाही. गेल्या वर्षी तिचा एक घाव चुकला आणि हरबाचा अंगठा चेचला. त्यानं चार गिऱ्हाइकांदेखत तिला सुनावलं, पुन्हा भट्टीत पाऊल टाकू नकोस. तिनं टाकलं नाही. घरात कामापुरतं बोलायची. हरबाला तिची इतकी आठवण यायची, आणि ती तर समोरच राहत होती. ये म्हणायला मात्र जीभ रेटली नाही गड्याची. आता घरच तिला घेऊन येत होतं, तर तो खुशाल भाता ओढत राहिला.

दुपारी भिंतीला भिंत लागली. मधलं सगळं मिटलं आणि शेगड्याचं तोंड उघडलं, बरोबर एका माणसापुरतं. त्यात चांगुणा होती. खांद्यांपाशी धरलेली, हातात पिठाचं ताट तसंच. आता मात्र हरबा दांडा उलटा फिरवायला धावला. त्यानं दांड्याला लोंबकळून बघितलं, पाय लावून ओढून बघितलं.

"दुखतंय का गं?"

"नाही. नीट धरलंय." तिनं ताट त्याच्याकडे दिलं. "उगाच पिळू नका. धरलेलं ठोकल्याशिवाय कधी सुटलंय का?"

हरबानं ताट ऐरणीवर ठेवलं. तिला सोडून द्या, मला धरा, असं तो शेगड्याला हात जोडून म्हणाला. शेगडा अजून थोडा आवळला. फटीतून काकूंनी सांगितलं की बाबा, लवकर काय ते कर, इकडं श्वास पुरत नाही. चांगुणेचा घण कोपऱ्यात वर्षभर होता तिथंच होता, दांड्याला तिच्या मुठीची झिलई तशीच. हरबानं तो उचलला.

"चांगुणे, मी तेव्हा बोलायला नको होतं."

"ते मागाहून बोलू," ती म्हणाली. "माझा घाव एकदा चुकला होता. तुमचा चुकू देऊ नका."

तिनं डोळे मिटले, लोखंड निवांत पडून असतं तशी. बाहेर यासीनची घोडी खूर आपटायची थांबली. हरबानं पाय रोवले, घण डोक्यावर नेला नि हाणला. दांडा आपसूक उलटा फिरला, चांगुणेनं डोळे उघडले, आणि सगळ्या भट्टीत लिंबाचा वास सुटला.