टायटनचा खळगा आणि दोन किलो पिठीसाखर

इल्वाचा प्रबंध ठोकायचा होता त्या शुक्रवारी मी आमच्या अंतराळ-संशोधन संस्थेत फक्त केक खायला गेलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवसाचा विषय निघाला की अजून सगळे माझ्याकडे बघतात.

आमच्या उप्सालात डॉक्टरेटचा प्रबंध खरोखरच ठोकतात. छापलेल्या पुस्तकाला कोपऱ्यात भोक पाडायचं, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतल्या फळीवर ते धरायचं आणि हातोडीनं खिळा मारायचा. तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी ते तिथं लटकलं पाहिजे, म्हणजे कुणाला चुका काढायच्या असतील त्यानं खुशाल येऊन वाचावं. चाळीस वर्षांत मी एकालाही तिथं उभं राहून वाचताना पाहिलेलं नाही. पण लटकलं पाहिजे. इल्वाची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि फळीचं ते दालन तीनला बंद होणार होतं. चुकलं तर परीक्षा थेट सप्टेंबरात, कारण जूनमधल्या मिडसमरच्या सणानंतर स्वीडनमध्ये फक्त डास कामावर असतात. आणि फ्रान्समधली, तूलूझची नोकरी एक ऑगस्टची, तीही पदवी हातात असली तर.

प्रबंध होता टायटनवर. शनीभोवती फिरणारं आमचं यान मधूनमधून टायटन ह्या त्याच्या चंद्राला घसटून जायचं. टायटनला दाट नारिंगी हवा आहे आणि त्या हवेच्या अगदी वरच्या थरात विद्युतभारित कणांचा पातळ रस्सा असतो. त्याला प्लाझ्मा म्हणायचं. तो मोजायला यानातून एक दांडी बाहेर काढलेली आणि तिच्या टोकाला लिंबाएवढा गोळा. तो गोळा वर्कशॉपमध्ये मी घडवला. मी निवृत्त झालो, तरी तो काम करत राहिला. आमच्यात तोच जास्त कष्टाळू.

इल्वाला सहा फेऱ्यांमध्ये टायटनच्या रात्रीच्या बाजूला एक खळगा सापडला होता. कण एकदम निम्म्यावर यायचे, चाळीस सेकंद तसेच राहायचे आणि मग पुन्हा पूर्ववत. सगळा चौथा अध्याय ह्या खळग्याचा. पहिले तीन त्याची वाट बघण्यात गेलेले.

बारा वाजता सगळे कॉफीच्या खोलीत जमले. टेबलावर हिरवा प्रिन्सेस केक, कोऱ्या करकरीत पुस्तकांचे खोके, हातोडी. भिंतीवर इल्वानं खळग्याचा आलेख लावला होता. मी दालचिनीचा बन चावत तो बघितला आणि नुसतं बोलायला म्हणून बोललो,

"छान आहे गं. पण तेव्हा माझा गोळा कुठल्या अंगाला होता?"

कॉफी ओतण्याचा आवाज थांबला.

"कुठल्या अंगाला म्हणजे?" इल्वानं विचारलं.

"म्हणजे पुढे होता की मागे? यान पळतं सेकंदाला सहा किलोमीटर. कण त्या मानानं उभेच. यानाला तो समोरून सुटलेला वाराच की. आणि माथ्यावर संदेश पाठवायची चार मीटरची तबकडी. माझी दांडी जेमतेम दीड मीटरची. यान वळून तबकडीच्या आडोशाला गोळा गेला तर त्याला वारा लागणार कसा?"

गुनेल, म्हणजे इल्वाची मार्गदर्शक प्रोफेसर, आलेखाकडे बघत सावकाश म्हणाली, "एव्हर्ट, तू घरी का नाही बसत?"

"केक होता म्हणून आलो."

"गुनेल," इल्वाचा आवाज बारीक झाला, "आडोसा आपण तपासला होता ना?"

"तू तपासला असशील असं मला वाटलं."

"आणि मला वाटलं तू!"

असं फक्त फार हुशार माणसांतच होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे एकमेकांना मूर्ख समजायचे, त्यामुळे सगळं तीनदा तपासलं जायचं.

विभागप्रमुख टूर्स्टेननं घसा खाकरला. "मला वाटतं, आपण एक गोल फेरी घेऊ. प्रत्येकानं आपलं मत मांडावं."

"टूर्स्टेन, बारा वीस झालेत!"

"म्हणूनच तर. घाईत कुणी दुखावलं जायला नको."

गुनेल म्हणाली, कॉम्प्युटरवर नीट गणित मांडलं तर चार दिवस लागतील. इल्वा म्हणाली, मग ठोकायचं नाही. "नसलेला खळगा मी फळीवर टांगणार नाही. तूलूझ गेलं तर गेलं." आणि तिनं हातोडी खोक्यावर ठेवली, इतकी हळू की मी उरलेला बन बशीत परत ठेवला.

"वारा आहे ना?" मी म्हणालो. "मग वाराच सोडून बघू. कॉफीचा थर्मास म्हणजे यान. वर बशी चिकटवू, ती तबकडी. कण म्हणून कपाटातली दोन किलो पिठीसाखर. तुझ्याकडे सहाही वेळचे यानाचे कोन आहेत ना?"

"आहेत," इल्वा म्हणाली. "एव्हर्ट, तू वेडा आहेस."

"गोळा कशाचा?" गुनेलनं विचारलं. तिच्या डोळ्यांत तीस वर्षांपूर्वीची गुनेल दिसायला लागली होती. तिनं स्वतःच्या पिशवीतून खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या काढल्या. "चाटली की चिकट होते. काळ्यावर साखर दिसेल. एका फेरीला एक गोळी."

"चाटणार कोण?"

"सहाच्या सहा मी. प्रयोग एकसारखा हवा."

विणकामाच्या सुईवर गोळी खोचून सुई थर्मासला चिकटवली. केकला टायटन करायचं ठरलं. त्याचा काही उपयोग नव्हता, पण टूर्स्टेनला सहभागी झाल्यासारखं वाटावं म्हणून. "रंग चुकला," तो म्हणाला, "टायटन नारिंगी असतो." आणि बिचाऱ्यानं मनापासून केकवर गाजर किसलं.

गुनेलच्या पोहण्याच्या पिशवीतलं केस वाळवायचं यंत्र लावून बघितलं. साखर दोन वीत गेली आणि टेबलावर बसली.

"हा वारा नाही, ही झुळूक आहे," मी म्हणालो आणि अंगणात जाऊन माळ्याचं पानं उडवायचं यंत्र घेऊन आलो.

"त्यासाठी धोक्याचा फॉर्म भरावा लागतो," टूर्स्टेन म्हणाला.

"भर."

तो खरंच भरायला बसला. मी खटका दाबला.

पुढच्या पंचवीस मिनिटांचं वर्णन सफाईवाल्या बाईंनी केलं ते जास्त अचूक आहे, पण ते छापता येणार नाही. इल्वा कोन ओरडायची, मी कोनमापकानं थर्मास वळवायचो, गुनेल गोळी चाटून खोचायची, चाळणीतून साखर सोडायची आणि मग वादळ. पहिल्या फटक्यात पडदे गेले. दुसऱ्यात टूर्स्टेनचा फॉर्म. आम्ही चौघं डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे, खोकत होतो आणि लहान मुलांसारखे खिदळत होतो. पण गोळी मात्र काळी कुळकुळीत.

"पहिली फेरी, काळी!" गुनेल ओरडली. "आडोसा!"

दुसरी काळी. तिसरी काळी. चौथी, पाचवी काळी. दर वेळी हसणं थोडं कमी होत गेलं. इल्वाच्या पापण्यांवरची साखर ओली व्हायला लागली.

"पुरे," ती म्हणाली. "पाच बास झाल्या. टायटनवर खळगा नाही. मी चार वर्षं आपल्याच यानाची पाठ मोजत होते."

"प्रयोग सहाचा ठरलाय," गुनेल म्हणाली आणि तिनं शेवटची गोळी तोंडात घातली. तिची जीभ एव्हाना डांबरी रस्त्यासारखी झाली होती.

"सहावी तशीही भलतीच आहे. तिचा खळगा खोल आणि भलत्या जागी येतो. तिच्यामुळे सरासरी बिघडत होती, तूच म्हणालीस म्हणून परिशिष्टात टाकली."

"कोन सांग."

इल्वानं सांगितला. मी थर्मास वळवला. सुई बशीच्या पुढं आली, सरळ वाऱ्याच्या तोंडावर. मी खटका दाबला.

धुरळा बसला तेव्हा गोळी बर्फासारखी पांढरी होती.

मग टूर्स्टेन, ज्याला प्लाझ्मातलं काही कळत नाही अशी आमची तीस वर्षांची समजूत होती, तो म्हणाला, "म्हणजे सहाव्या वेळी गोळ्याला पूर्ण वारा होता. आडोसा नव्हता. आणि तरीही कण कमी भरले?"

"कमी भरले," इल्वा कुजबुजली. "इतर पाचांपेक्षाही कमी." आणि मग तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खोलीतले लोक आगीचा भोंगा समजून शिस्तीत बाहेर पडले. "तो खरा आहे! परिशिष्टातला खरा आहे!"

घड्याळात दोन वाजून सतरा मिनिटं. गुनेलनं कागद ओढला, इल्वानं उभ्या उभ्या लिहिलं आणि टूर्स्टेननं गोल फेरी न घेता त्याच्या ऐंशी प्रती काढल्या, प्रत्येक पुस्तकात एक घालायला. ह्या माणसाला मी त्या दिवशी माफ केलं. कशाबद्दल ते आठवत नाही.

मग सायकली. मे महिन्याचं ऊन, चौघं पांढरे, मागे साखरेचा धूर. पुलावर एक आजीबाई बाजूला झाली आणि म्हणाली, "लग्न कुणाचं?" टूर्स्टेननं थांबून तिला समजावून सांगायला घेतलं, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी पोचला.

दालनाचा रखवालदार किल्ल्या हातात घेऊन उभा होता. "सात मिनिटं," तो म्हणाला. मग आमच्याकडे नीट बघून, "बूट पुसा."

इल्वानं पुस्तक फळीवर धरलं. पहिला घाव अंगठ्यावर. दुसऱ्याला खिळा वाकला. तिसऱ्याला बसला. मग तिनं दुसरा खिळा मागितला आणि तो कागद पुस्तकाच्या वर, अगदी डोळ्यांसमोर येईल असा लावला. दालनात दोन विद्यार्थिनी होत्या. त्यातली एक पुढं आली आणि चक्क वाचायला लागली, मोठ्यानं:

"चौथ्या अध्यायातले पाच खळगे टायटनचे नाहीत, ते आमच्या तबकडीचा आडोसा आहेत. कृपया चौथा अध्याय वगळून परिशिष्ट वाचावे. तिथला एक खळगा आमचा नाही."

ती इल्वाकडे वळली. "मग तो कशामुळे पडलाय?"

"मला माहीत नाही!" इल्वा म्हणाली. आयुष्यात इतक्या आनंदानं हे वाक्य बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. "अजिबात माहीत नाही!"

रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या. गुनेलनं काळी जीभ काढून त्याला वेडावून दाखवलं आणि आम्ही बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो, तर ती विद्यार्थिनी मागून आली आणि तिनं विचारलं, परिशिष्टाची एक प्रत मिळेल का.