उजव्या पायात डावी वाटी

घाबरू नका मित्रांनो, मी भूतबीत नाही. मी कधी जिवंतच नव्हतो, त्यामुळे मरण्याचाही प्रश्न आला नाही. मी प्लास्टिकचा आहे, कवटीपासून पायाच्या करंगळीपर्यंत. गेली सव्वीस वर्षं मी अमेरिकेतल्या डुलूथ गावातल्या एका कॉलेजात लोखंडी दांड्याला लटकून शरीरशास्त्र शिकवतो आहे. शिकवतो म्हणजे काय, बोलतात ओस्टबी मॅडम, उभा राहतो मी. इथं सगळे मला ऑर्विल म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका खऱ्या माणसाच्या हाडांवरून साचे काढले, त्यांत मला ओतलं, आणि दोनशे सहा हाडं स्क्रूंनी नि तारांनी जोडून मला उभं केलं. शेवटी एक बाई प्रत्येक हाड यादीशी ताडून बघायची. "याचं सगळं जागच्या जागी आहे," असं म्हणून तिनं माझ्या कपाळावर टिचकी मारली. ती शाबासकी मला पुष्कळ वर्षं पुरली.

सुरुवातीला काय माझा थाट होता! विद्यार्थी हात धुऊन मला शिवत. पुढे ओळख वाढली आणि मान कमी झाला. डिसेंबरात माझ्या डोक्यावर लाल टोपी चढे, ऑक्टोबरात कुणी बरगड्यांत कागदी वटवाघळं अडकवी. वर्गात आल्यावर ओला कोट माझ्या खांद्यावर टाकायची तर पद्धतच पडली. मला ते मुळीच आवडत नसे, पण विचारतो कोण?

मग अकरा वर्षांपूर्वी वर्ग नव्या इमारतीत गेला. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. इमारतीची देखभाल करणारा वेंडेल मला ढकलत नेत होता. दाराच्या उंबऱ्यात माझ्या दांड्याखालचं चाक अडकलं आणि मी तोंडघशी पडलो. गुडघ्यांच्या दोन्ही वाट्या निखळून कुठल्या कुठे उडाल्या. बिचाऱ्यानं गुडघे टेकून त्या शोधल्या आणि तिथल्या तिथं स्क्रू पिळून बसवल्या. "दोन्ही सारख्याच तर दिसतात," असं तो स्वतःशीच म्हणाला.

सारख्या नव्हत्या, मित्रांनो. उजव्या पायात डावी वाटी बसली आणि डाव्यात उजवी. बूट उलटे घातल्यावर कसं वाटतं, तसं मला वाटायला लागलं. आज कुणीतरी बघेल, उद्या बघेल, असं म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. दर वर्षी साठेक विद्यार्थी माझ्यावर शिकून बाहेर पडले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मधल्या काळात भिंतीवर एक मोठा पडदा आला, त्यावर रंगीत हाडं गरगर फिरायची. मग तर मला खिडकीशी सारलं आणि माझ्यावर धूळ बसली.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी ब्रिटा नीमी वर्गात आली. वय सदतीस. तिच्याकडे आधीच एक पदवी होती, नाटकाच्या वेशभूषेची. चौदा वर्षं तिनं एका नाटक कंपनीत कपडे शिवले, ती कंपनी बंद पडली, आणि तिनं नर्स व्हायचं ठरवलं. अर्जातल्या निबंधात तिनं लिहिलं होतं, "घाबरलेल्या माणसाचे कपडे अंधारात चाळीस सेकंदांत बदलून त्याला धीर देऊन पुढे पाठवायचं, हे काम मी चौदा वर्षं केलं आहे." हा निबंध ती माझ्याजवळ उभी राहून मोठ्यानं वाचायची, म्हणून मला तो पाठ आहे.

ज्यांच्याकडे पदवी आहे, त्यांच्यासाठी इथल्या विद्यापीठात सोळा महिन्यांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम असतो. पुन्हा चार वर्षं घालवायची गरज नाही. पण जागा बत्तीस आणि अर्ज चारशेच्या वर! आदल्या वर्षी ब्रिटाला नकार आला होता, कारण तिचं जीवशास्त्र सतरा वर्षं जुनं होतं आणि इतकं शिळं शिक्षण तिथं चालत नाही. म्हणून बाई पुन्हा पहिलीपासून बसल्या. या वेळी विद्यापीठानं कळवलं की तिची जागा राखून ठेवली आहे, पण एका अटीवर. शरीरशास्त्रात 'ए' श्रेणी हवी, आणि ती वीस डिसेंबरच्या आत कळवायला हवी.

ब्रिटा रोज तासाच्या आधी यायची, माझी धूळ स्वतःच्या रुमालानं पुसायची आणि एकेक हाड बोटांनी चाचपायची. तिच्या शेजारी बसणारा कर्टिस तिच्यासारखाच. आधी विम्याच्या कचेरीत होता, आता त्यालाही नर्स व्हायचं होतं. तो तिला चिडवायचा.

"ऑर्विलशी लग्नबिग्न करणार आहेस की काय? रोज त्याचाच हात धरून असतेस."

"निदान तो मधे मधे बोलत तरी नाही," ब्रिटा म्हणायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिची बोटं माझ्या उजव्या गुडघ्यावर थांबली. पुढे गेली, परत आली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पुस्तक उघडलं, दोनदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "अगं बाई! डावी बाही उजवीकडे शिवलीय ही."

काय सांगू माझा आनंद! शेवटी शिवणकाम करणाऱ्या बोटांनाच ते कळलं. पण पुढे काय झालं? काहीच नाही. ब्रिटानं कुणाला एक शब्द सांगितला नाही. आमच्याकडची माणसंच तशी. यांच्या पायावर तुम्ही पाय दिलात, तर तेच तुमची माफी मागतील. मॅडमची चूक काढणं म्हणजे तर फारच झालं.

मग परीक्षा आली. टेबलांवर हाडं मांडलेली, प्रत्येक ठिकाणी एक मिनिट. चौदाव्या प्रश्नाला मी होतो. माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लाल फीत चिकटवलेली आणि खाली प्रश्न, हाड कोणतं आणि कोणत्या बाजूचं? मॅडमनी हा प्रश्न दयेपोटी घातला होता. उभ्या सापळ्याचा उजवा पाय कुणालाही कळतो. सगळ्यांनी भराभर 'उजवं' लिहिलं. कर्टिसनं तर शीळ घालत लिहिलं. ब्रिटा मात्र पूर्ण मिनिट उभी राहिली आणि तिनं 'डावं' लिहिलं.

निकाल लागला. चारशेपैकी तीनशे साठ मिळाले तर 'ए'. ब्रिटाला मिळाले तीनशे एकोणसाठ. ओस्टबी मॅडम कुणाचाही अर्धा मार्कसुद्धा वाढवत नाहीत, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. त्या दिवशी तारीख होती अठरा.

ब्रिटा कोट न्यायला प्रयोगशाळेत आली. मागोमाग कर्टिस आला. चौदाव्या प्रश्नाचा मार्क का गेला, ते तिनं त्याला नुकतंच सांगितलं होतं.

"जाऊन सांग ना त्यांना!"

"जाऊ दे रे. मॅडमना वाईट वाटेल."

"मॅडमना वाईट वाटेल? आणि तुझं काय? पुन्हा वर्षभर अर्ज भरत बसणार?"

"बघू पुढच्या वर्षी..."

"बघू काय? उद्या डॉक्टर पेशंटला चुकीचं औषध द्यायला निघाला, तर तेव्हाही 'जाऊ दे रे, डॉक्टरना वाईट वाटेल' म्हणशील? मग तुझी जागा दुसऱ्याला गेली तेच बरं झालं!"

ब्रिटा लाल झाली. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिनं हातातला कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि ती तडक बाहेर गेली. मित्रांनो, तो ओला कोट मला त्या दिवशी अजिबात जड वाटला नाही. माझं सगळं लक्ष दाराकडे होतं.

पाच मिनिटांनी ती मॅडमना घेऊन आली. मॅडमच्या कपाळावर आठ्या होत्या. "बावीस वर्षं शिकवतेय मी याच्यावर. तुला म्हणायचंय तरी काय?"

"माफ करा मॅडम. म्हणजे खरंच माफ करा. पण ती वाटी काढून टेबलावर ठेवू या का? तुम्हीच शिकवलंय तसं."

वेंडेलला बोलावलं. त्यानं स्क्रू काढून वाटी मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी ती गुळगुळीत बाजू खाली आणि टोक पलीकडे करून टेबलावर ठेवली. अशी ठेवलेली वाटी ज्या पायाची असेल त्या बाजूला कलते. मॅडमनी बोट काढलं आणि वाटी डावीकडे कलली. त्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही तेच.

वेंडेलनं डोक्यावरची टोपी काढली. "मॅडम, ती मीच बसवली होती. इकडे सामान आणलं ना, त्या दिवशी. दोन्ही सारख्याच दिसतात हो."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "अकरा वर्षं! सहाशेच्या वर मुलं झाली. प्रत्येकाला मी सांगितलं, डोळ्यांवर विसंबू नका, हात लावून बघा. आणि मी स्वतः एकदाही हात लावला नाही." एवढं बोलून त्या हसायला लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मॅडम," कर्टिसनं चाचरत विचारलं, "मग मी जे उजवं लिहिलंय..."

"तू हाड कुठं बघितलंस? तू पाय बघितलास. राहू दे तो मार्क, प्रश्न माझाच चुकला."

तिथल्या तिथं कॉम्प्युटर उघडून त्यांनी आकडा बदलला. तीनशे साठ. 'ए' श्रेणी त्याच दुपारी विद्यापीठाला गेली. ब्रिटा माझ्या पायाशी फरशीवरच बसली आणि म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागलीय मला." तिच्या पिशवीत आईनं केलेला वेलदोड्याचा पाव होता. चौघांनी तो तिथंच खाल्ला, आणि खाता खाता वेंडेलनं माझ्या दोन्ही वाट्या आपापल्या जागी बसवल्या. स्क्रूचा शेवटचा पीळ बसला आणि अकरा वर्षांचं माझं अवघडलेपण गेलं. सुटलो एकदाचा!

दोन दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. ब्रिटाची जागा पक्की झाली. आता ती नर्सिंग शिकते आहे आणि मला पुन्हा वर्गाच्या मध्यभागी उभं केलं आहे. मॅडम पहिल्याच तासाला प्रत्येकाला माझ्याजवळ आणतात आणि म्हणतात, "हात लावून बघा, याच्यात काही चूक सापडते का."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा एखादा जुना सोबती कोपऱ्यात उभा असेल. त्याची धूळ पुसा, तो पडला तर सावकाश, नीट बघून जोडा. टोप्या घाला हवं तर, आता मी रागावत नाही. पण काही चुकलेलं दिसलं तर गप्प बसू नका. तीनदा माफी मागून सांगा, चाचरत सांगा, पण सांगा. मला जबडा आहे, बत्तीस दात आहेत, दोन्ही बाजूंना स्प्रिंगही आहे. तरी अकरा वर्षांत माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. तुम्हाला तर आवाज आहे.